एका मायचं रक्त

पहिले तर सगळ्यायनं माह्या बेसनालेच नाव ठेवलं. त्या संध्याकाळी आमचे हे कामावरून आले आन् अंगणातच भडाभडा ओकले. पाणी पेले तर तेही बाहेर. शेजारीण म्हणे, डब्यातलं बेसन आंबलं असन. सासू म्हणे, तेल जुनं होतं का वं? मी म्हटलं, वा रे वा! त्याच गंजातलं बेसन पाइपलाइनच्या अख्ख्या गँगनं खाल्लं, मीही खाल्लं, आन् बाधलं ते एकट्या ह्यायले? पण बाईच्या हातच्या स्वयंपाकाले नाव ठेवणं सगळ्यात सोपं. दुसऱ्या दिवशी हे ठणठणीत उठले, चहा मागतला, कामावर गेले. गोष्ट तिथंच राह्यली. मी मात्र बरेच दिवस सासूशी फुगून होती.

आमचा तांडा दारव्ह्याच्या अलीकडं. तेव्हा तांड्याच्या खालून गॅसची पाइपलाइन टाकून राह्यले होते. नाल्या खंदायच्या, पाइप सोडायचे, सांधे वेल्डिंग करायचे. त्या गँगले मी डबे द्यायची, आन् हे तिथंच रोजंदारीवर हेल्पर होते. ह्यायची टोळी एक्स-रेवाली. दवाखान्यात हाडाचा फोटू काढते तसा हे लोक पाइपाच्या सांध्याचा काढत. एक जड पेटी होती. तिच्यात तुरीच्या दाण्याएवढी गोळी. हँडल फिरवलं का ती गोळी तारेनं नळीतून सांध्याजवळ जाये, फोटू निघे, हँडल उलटं फिरवलं का गोळी परत पेटीत. तिच्यातून निघते ते किरण दिसत नाही, त्याले वास नाही, त्याचा चटका लागत नाही. पक्क्या लोकायच्या छातीवर एक बिल्ला राहे, किती किरण अंगाले लागले ते त्याच्यावर उमटे म्हणे. रोजंदारीवाल्याले कायचा बिल्ला! मी विचारलं तर हे म्हणत, "काहीच नाही वं त्याच्यात. उगाच सारे दूर पळते."

ओकारीच्या गोष्टीले दोन दिवस झाले असतील, तर गँगवर बोंब उठली. गोळी पेटीत नव्हतीच. तार तुटली होती, गोळी नळीतच अडकून राह्यली होती, आन् ती नळी टिनाच्या शेडमधे खुंटीले टांगून. मग काय विचारता! मोठ्या शहरातून गाड्या आल्या, पिवळी फीत बांधली, आमचा रस्ता बंद केला. सुपरवायझरनं त्यायले सांगतलं, नळी शेडमधेच होती, कोणी हात लावला नाही. आमचे हे बाजूले उभे होते, चूप. मले वाटलं, आपला काय संबंध.

दोनेक दिवसांनी शाळेत तपासणी लागली. गँगवाले, चहाच्या टपरीवाला, त्या रस्त्यानं शेतात जाणारे, डबे देणारी मी, सगळ्यायचं रक्त घ्यायचं. एक डॉक्टरीणबाई आलती. चांगली होती ती, खोटं कायले बोलू. तिनं व्हरांड्यात बसवून समजावलं. आपल्या रक्तात पेशी असतात, पेशीत बारीक धागे असतात, धाग्याला मधे एक कंबर असते. किरण लागले की धागे तुटतात आणि चुकीचे जोडले जातात, मग एका धाग्याला दोन कंबरा होतात. जेवढे असे धागे जास्त, तेवढा डोस जास्त बसला. आधी हे धागे माणूस दुर्बिणीत डोळा घालून मोजायचा, एवढ्या लोकांचं मोजायचं तर महिने गेले असते. आता मशीन स्वतःच फोटो काढतं, स्वतःच मोजतं. ज्यांना बिल्ला नव्हता, त्यांचं रक्तच आता सांगेल कोण किती जवळ होतं.

एक म्हातारी म्हणे, "दोन कंबरा! माही तर एकच धड चालत नाही." सारे हसले. आन् डोसाचं तर विचारूच नका. बाईनं एका बुढ्याले विचारलं, "आजोबा, डोस म्हणजे काय ते समजलं का?" बुढा म्हणे, "समजलं ना. दोन झाले माह्ये, कोरोनाचे. तिसऱ्याले मी गेलोच नाही." बाईही हसली. तो दिवस आठवला का मले आता सगळ्यायच्या त्या हसण्याचा राग येते.

इथं दोन गोष्टी सांगायच्या राह्यल्या, त्या सांगतो. एक म्हणजे आमचे हे एवढे धिप्पाड, सिमेंटचा पोल एकटे खांद्यावर घ्यायचे, पण सुई पाह्यली का डोळे पांढरे. लहानपणी शाळेत टोचाले आले तेव्हा हे संडासात लपले, आन् माह्या दिरानं, म्हणजे ह्यायच्या धाकट्या भावानं, दोन्ही दंड पुढं केले. एक सुई आपली, एक भाऊची. सासू ही गोष्ट पाव्हण्यायले हसून हसून सांगे. दीर मोठा झाला, दारव्हा ते यवतमाळ जीप चालवाले लागला, पण भाऊचं काही अडलं का हा हजर. बाप लवकर गेला, ह्यायनंच त्याले वाढवलं. रोज रात्री जेवाले आमच्याच घरी. माह्यावर दादागिरी करे, "वयनी, भाऊले भाजी वाढ ना, हात काहून आखडते?" असा.

दुसरी गोष्ट नावाची. मी लग्न होऊन आली त्या दिवशीच सासूनं कानात सांगतलं, नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं का त्याचं आयुष्य कमी होते. मी पाळलं. दारव्ह्यात हळदीकुंकवाले गेली का मराठ्याच्या बायका मागं लागत, "घे ना वं नाव, घे ना!" मी पदर तोंडात खुपसून पळायची. रेशनच्या ऑफिसात नाव विचारलं का ह्यायचं आधारकार्ड पुढं सरकवून द्यायची. साहेब लोक कावत. कावू द्या म्हटलं.

तर शाळेत टेबलावर एक पोरगा नावं लिहून राह्यला होता. मान वर नाही, डोळा वर नाही. माह्यं नाव लिहिलं, मग म्हणे, "घरात अजून कोण साइटवर होतं? मिस्टर? त्यांचं नाव?" आता आली का पंचाईत! आधारकार्ड घरी. हे फाटकाजवळच्या निंबाखाली उभे, आतली सुई पाहून चेहरा पांढराफटक. मी नुसती उभी. पोरगा म्हणे, "ताई, नाव सांगा लवकर, लाइन मोठी आहे." तेवढ्यात मागून दीर हसला. तो तपासणीले आलताच नव्हता. साइटवर त्यानं कधी पाय ठेवला नव्हता, म्हाताऱ्यायले जीपमधे घालून सोडाले आलता. म्हणे, "वयनी नाव नाही घेत जी. मी सांगतो," आन् त्यानं नाव सांगतलं. पोरानं चिठ्ठी काढली, काचेच्या नळीवर चिकटवली, आन् मान खालीच ठेवून ती दिराच्या हातात देली. "चला, तिकडं बसा." मी बायकायच्या लाइनीत गेली. पुढं काय झालं ते मी पाह्यलं नाही.

रक्त गेलं. बर्फात नाही ठेवलं, बाई म्हणे रक्त जिवंत पोचलं पाहिजे. पंधराएक दिवसांनी रिपोर्ट आले. तांड्याचे सारे चांगले. गँगमधले दोघं थोडे वर निघाले, त्यायले मुंबईले नेलं. आमच्या ह्यायचा रिपोर्ट एकदम साफ, म्हणे काही लागलंच नाही. मी मारोतीले नारळ फोडला. सासूनं शिरा केला. दिरानं दोन वाट्या खाल्ला, वर मलेच म्हणे, "पाह्यलं वयनी? भाऊले काही होत नसते."

आन् मग सुरू झालं.

खांद्यावर लाल पट्टा उठला. मानेपासून काखेपर्यंत. आधी नुसता लाल, मग फोड. तांड्यात सारे म्हणे नागीण उठली, नागिणीचं तोंड शेपटीले लागलं का माणूस जाते, गेरू लावा. मी गेरू लावला. हात लावला तर हे कण्हत. मग तोंडात फोड आले, जेवणं बंद. एक दिवस सकाळी उशी झटकाले घेतली तर उशीवर केसच केस. मी ओरडली. बाजूले आमची पोरगी झोपून होती. हे मले म्हणे, "चूप वं. पोरगी उठन." आन् मग हळूच, माह्याकडं न पाहता सांगतलं. ओकले त्या दिवशी काम आटोपल्यावर ती नळी ह्यायनंच गुंडाळून खांद्यावर टाकली होती, विहिरीवरून दोर आणते तशी. पिकअपमधे मांडीवर घेऊन बसले होते. शेडमधे टांगली ती ह्यायनंच. सुपरवायझर म्हणे, बोलला तर तार तूच तोडली म्हणून पकडतीन. म्हणून हे बोलले नाही.

"आन् रिपोर्ट?" मी म्हटलं.

"रिपोर्ट तं चांगला आहे ना," हे म्हणे, आन् भिताडाकडं तोंड केलं.

मी त्याच दिवशी ह्यायले दिराच्या जीपमधे घातलं आन् यवतमाळले नेलं. एका मोठ्या दवाखान्यात. हिरड्यातून रक्त येऊन राह्यलं होतं. डॉक्टर तरणा होता. रक्त पाह्यलं, म्हणे प्लेटलेट एकदम खाली, डेंग्यू दिसते. मी म्हटलं, साहेब, डेंग्यू नाही, हे त्या गोळीचं आहे. ह्यायनं ती नळी खांद्यावर वाहून नेली, हे पाहा, खांदा पाहा. त्यानं कुठं फोन केला, आमचा रिपोर्ट मागवला, मोबाइलवर मले दाखवला. म्हणे, "ताई, मी मानलं असतं. पण हे बघा, मशीनची तपासणी आहे ही. असल्या तपासणीत लपत नाही काही. यांच्या रक्तात एकही तुटका धागा नाही. खांद्यावर काहीतरी दुसरं इन्फेक्शन आहे."

"म्हणजे मशीनले डोळे आहे, आन् माह्ये फुटले का?"

"ताई, आवाज खाली."

काय आवाज खाली! माह्या नवऱ्याचे केस मुठीत आणले होते मी, पिशवीत घालून. ते त्याच्या टेबलावर ठेवले. त्यानं पाह्यले आन् मान हलवली, बस. दुसऱ्या डॉक्टरले गाठलं, त्यानंही तोच रिपोर्ट पाह्यला. शाळेतल्या डॉक्टरीणबाईचा नंबर मिळवला, ती बिचारी फोनवर नीट बोलली, म्हणे रिपोर्ट दोनदा पाहिला आहे, शंका घ्यायला जागा नाही, तुम्ही डेंग्यूचे उपचार चालू ठेवा. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. एवढी लाचार मी जिंदगीत कधी झाली नव्हती. मी खरं सांगून राह्यली, अन् कोणी खोटंही नव्हतं. माह्यासोबत भांडाले समोर माणूसच नव्हता, एक कागद होता.

दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणे, पेशंटला रक्त लागेल, डोनर आणा. दीर तर दारातच बसून होता, दोन दिवसांचा उपाशी. उडी मारून उठला. बाही वर करतच चालला. मी त्याच्या मागं. रक्तपेढीवाल्यानं बोटाले टोचलं, काचेवर थेंब घेतले, पाह्यलं. म्हणे, "तुमचं बी पॉझिटिव्ह. पेशंटचं ओ आहे. हे त्यांना चढत नाही. तुमचं बदलीत घेतो, त्याच्या बदल्यात ओची पिशवी देतो."

दीर हसला. "पुन्हा पाहा ना साहेब. सख्खे भाऊ आहो आम्ही. एका मायचे."

"सख्खे असले म्हणून काय झालं? भावाभावाचं रक्त वेगळं असतं बऱ्याचदा. ज्याचं त्याचं असतं."

"असं कसं राहीन? माय एक, बाप एक. रक्त का दोन राह्यते?"

"दोन काय, चार भावांचे चार असू शकतात," तो माणूस म्हणे, आन् पुढच्याचं बोट धरलं.

दिराचं हसू तसंच तोंडावर राह्यलं थोडा वेळ. मग उतरलं. बाही वर केलेली तशीच, तो भिताडाले टेकला आन् घसरत खाली बसला. मले वाटलं उपाशी आहे, चक्कर आली. मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं घेतली नाही. म्हणे, "वयनी, शाळेतलं रक्त मी देलतं."

मले कळलंच नाही. "कोणतं?"

"भाऊच्या नावाचं. त्या पोरानं नळी माह्याच हातात देली. भाऊ तिकडं निंबाखाली घामाघूम. म्हटलं कायले त्याले त्रास. रक्त तं एकच आहे आपलं. मी बसलो. मले वाटलं वयनी, जे त्याच्या रक्तात असन ते माह्यात दिसनच ना."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. सगळ्या लोकायसमोर. एक वाजवली, दुसरी वाजवली. त्यानं तोंड पुढंच केलं, हात आडवा घातला नाही. मग मी त्याचा हात धरला आन् त्या तरण्या डॉक्टरकडं अक्षरशः ओढत नेलं. म्हटलं, सांग. साहेबाले सांग. त्यानं सांगतलं. डॉक्टरचा चेहरा असा काही झाला का मले त्याच्यावरचा राग धरून ठेवता आला नाही. खुर्चीत बसला, चष्मा काढला. म्हणे, "म्हणजे मशीन चुकलंच नव्हतं. ज्याचं रक्त दिलं त्याचं बरोबर सांगितलं त्यानं."

मग साऱ्यायची धावपळ झाली. आता ह्यायचं रक्त घ्यायचं, खरं. मी ह्यायच्या उशाशी उभी राह्यली, डोळ्यावर हात ठेवाले, दरवेळी ठेवत होती तसा. ह्यायनं माहा हात बाजूले केला. सुई आत जातानी पाहत राह्यले, डोळे उघडे. भेवच नव्हतं आता. त्यायची ती भीती गेली, आन् मले भेव वाटलं, त्या केसायपेक्षाही जास्त.

सिस्टरनं हिरव्या बुचाची नळी भरली. डॉक्टर म्हणे, नागपूरहून विमानानं जाईल, बर्फ लावू नका, उन्हात ठेवू नका, पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत. दीर म्हणे, मी नेतो. रुमालात गुंडाळून छातीच्या खिशात ठेवली. जीप पळवत गेला. रस्त्यात थांबून थांबून मले फोन करे, "वयनी, हात लावून पाह्यलं. गरम आहे. जिवंत आहे." मी म्हणे, "रस्त्याकडं पाह्य, मेल्या."

संध्याकाळी मी ह्यायले सारं सांगतलं. सांगू का नको झालं होतं, पण म्हटलं, अजून किती जणायनं किती लपवायचं. हे म्हणे, लहान्यानं रक्त देलं ते मले ठाऊक होतं, मलेही वाटलं रक्त एकच आहे. तोंडात फोड, बोलतानी रक्त येई. मग म्हणे, "म्हणजे लहान्याचं रक्त साफ आहे ना?"

"हो."

"बरं झालं," म्हणे. "त्याचं तरी साफ निघालं."

मी खोलीच्या बाहेर आली आन् व्हरांड्यातल्या बाकड्यावर डोकं आपटलं. मले त्या माणसाचा एवढा राग आला. एवढं चांगलं असावं का माणसानं? कोणाले शिव्या तरी द्याव्या. त्या सुपरवायझरले द्याव्या, भावाले द्याव्या, मले द्याव्या.

रक्ताचा रिपोर्ट यायले वेळ लागला. धागे मोजाले आधी पेशी वाढवा लागते म्हणे, आन् ह्यायच्या रक्तात पेशीच उरल्या नव्हत्या. मशीन शोधत राह्यलं, शोधत राह्यलं. शेवटी डॉक्टरीणबाईनं स्वतः दुर्बिणीत पाह्यलं. मग तिचा फोन आला. आकडा सांगतला, तो मले कळला नाही. मी विचारलं, "म्हणजे किती?" ती म्हणे, "खूप." मग म्हणे, "ताई, पहिल्या आठवड्यात कळलं असतं, तर वेगळ्या स्वच्छ खोलीत ठेवलं असतं, पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली असती. वाचले असते असं मी म्हणत नाही. पण लढता आलं असतं." ती रडून राह्यली होती. मले तिचं रडणं ऐकून बरं वाटलं, हे खरं आहे.

मुंबईची गाडी ठरली. रात्री ताप चढला, तो उतरलाच नाही. गाडी दारात उभी होती आन् हे गेले. दीर गाडीत ह्यायची चादर अंथरून राह्यला होता. मी खाली जाऊन त्याले सांगतलं, "राहू दे." त्यानं चादरीची घडी केली, नीट, चारी टोकं जुळवून, आन् मग गाडीच्या चाकाजवळ बसून असा ओरडला का वरच्या मजल्यावरचे लोक खिडकीत आले.

लोक विचारते, दिराले माफ केलं का? नाही केलं. अन् त्याले घरातूनही काढलं नाही. तो रोज येते, अंगणात बसते, मी ताट सरकवतो, तो जेवते. भाजी वाढ म्हणत नाही आता. जीप विकून टाकली त्यानं. तांड्यातले लोक कौतुकानं म्हणते, रक्ताचं नातं आहे बाई, तुटत नाही. मी त्यायच्याकडं अशी पाहतो का पुन्हा तो शब्द तोंडातून काढत नाही.

मध्यंतरी शाळेत पुन्हा गाडी आली. तपासणी झालेल्यायले दुसऱ्यांदा पाहायचं म्हणे, काही बदल आहे का. यादी वाचणारी पोरगी नवीन होती, पुण्याकडची. मी "बसतो" म्हटलं तर म्हणे, "अय्या, बाई असून बसतो?" मी म्हटलं, आमच्याकडं असंच आहे. हसली. मग एकेक नाव वाचाले लागली. लोक उठे, बाही वर करे, बसे. आन् मग तिनं ह्यायचं नाव वाचलं.

त्यायच्याकडं ते नाव अजून साफ होतं. मशीननं साफ म्हटलेलं, पहिल्या रिपोर्टातलं. कोणी खोडलं नव्हतं.

कोणी उठलं नाही. तिनं पुन्हा वाचलं, मोठ्यानं. माह्या बाजूले बसलेला दीर उठाले लागला. अर्धा उठला. जन्मभर भाऊच्या नावाले तोच ओ देत आलता, शाळेपासून. मी त्याचं मनगट धरलं आन् खाली बसवलं.

मग मी उभी राह्यली आन् नाव घेतलं. पूर्ण, सासऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, पोरीले स्पष्ट ऐकू जाईन असं. म्हटलं, "हे मेले. तुमच्याजवळ जे साफ रक्त आहे, ते त्यायचं नाही."

मागच्या लाइनीतली म्हातारी हळूच दुसरीले म्हणे, "अवं माय, नाव घेतलं हिनं!"

घेतलं. आता कोणाचं आयुष्य कमी होणार होतं?